चाळीस दिवस मान खाली

सोमवार, ७ नोव्हेंबर

एकतीस वर्षं मी दुसऱ्याचे शब्द लिहितोय. आमच्या ज्यू धर्मात सिनेगॉगमधली, म्हणजे प्रार्थनागृहातली, धर्मग्रंथाची पवित्र गुंडाळी छापत नाहीत, हातानेच लिहितात. कातड्यावर, पिसाच्या टाकाने, एकेक अक्षर जुन्या प्रतीवरून बघून. ते लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. तो मी. स्वतःच्या मनातलं एक वाक्य आजवर कागदावर उतरवलं नाही. वाण्याची यादीसुद्धा बायको लिहिते.

ही वही तिनेच आणली. म्हणाली, "अहो, डोक्यात काय चाललंय ते मला सांगत नाही, तर निदान हिला तरी सांगा." इथे खाडाखोड चालते, तेवढी एक चैन.

सध्या लिहितोय ती गुंडाळी कुणा गिऱ्हाइकाची नाही, आमची दोघांची आहे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. आमच्यात म्हणतात, ज्याच्यामागे कोणी नाही त्याने एक गुंडाळी ठेवून जावी, दर आठवड्याला ती उघडली की त्याचं नाव निघतं. एकूण बासष्ट पानं. चाळीस झाली. आठवड्याला दोन धरली तर जानेवारीअखेर संपेल. तिला तसं सांगितलं तेव्हा तिने बोटांवर आठवडे मोजले. "नक्की जानेवारी ना?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "तेहतीस वर्षं थांबलीस, आता कसली घाई लागली तुला?" ती हसली आणि गुंडाळीच्या आवरणाचं मखमली कापड घेऊन खिडकीशी बसली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

संगणक बंद पडला होता. लिहून झालेल्या पानाचं चित्र त्यात टिपून तपासतो, एखादं अक्षर सुटलं तर तो दाखवतो. यंत्राचे डोळे माझ्यापेक्षा बरे. संगणकवाला आला, पोट फाडलं, धूळ काढली, पुन्हा शिवलं आणि म्हणाला, "काका, तुमची ती चाळणी उडाली. शनिवारनंतर येऊन टाकतो."

चाळणी म्हणजे नको ते दिसू नये म्हणून आमच्या सगळ्यांच्या यंत्रांत असते ती. मी म्हटलं, "सावकाश ये, मला काय करायचंय?"

मंगळवार, १५ नोव्हेंबर

लिहू की नको? लिहितोच.

बायको हल्ली मंगळवारी तिच्या मोठ्या बहिणीबरोबर बाहेर जाते. खरेदीला म्हणे. दुपारी पान तपासायला संगणक उघडला तर पडद्याच्या कडेला एका मालिकेची जाहिरात. दोन बहिणी, एक पोहण्याचा तलाव. तो तलाव त्यांच्या बापाने मागे ठेवलाय आणि धाकटीला पोहता येत नाही. मी बंद करायला गेलो आणि चालू झाली. खरं सांगतो, आपोआप. पुढचे तीन भाग मात्र आपोआप चालू झाले नाहीत.

तलाव म्हटल्यावर अंगावर कपडे किती असणार! शास्त्र स्पष्ट आहे. डोळ्यांच्या मागे भटकू नका. परस्त्रीकडे चवीने बघायचं नाही, तिच्या करंगळीकडेसुद्धा नाही. तिचं गाणं ऐकायचं नाही. थिल्लर करमणुकीत बसायचं नाही. मी हे पाठशाळेतल्या पोरांना शिकवलंय. तरी तशी दृश्यं आली की मी डोळे मिटत होतो. डोळे मिटले आणि कान उघडे, तर ते पाहणं होतं का? कानात बोळे घातले नाहीत. बोळे घालून बसणं म्हणजे ठरवून केलेलं पाप, उघड्या कानांवर आपोआप पडलं तर ती चूक. असा वाद मी स्वतःशीच घातला आणि स्वतःच जिंकलो.

चार वाजता दार वाजलं. बायको रिकामी पिशवी घेऊन आली. "काही मिळालं नाही?" मी विचारलं. "नाही," म्हणाली आणि आडवी झाली.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

पडद्याचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. नुसते चेहरे दिसतात. पण पुठ्ठ्यामागे काय असेल याचाच विचार डोक्यात घोळतो, हे उघडं बघण्यापेक्षा वाईट. संध्याकाळी पुठ्ठा काढून टाकला. कुंपणानेच शेत खाल्लं.

संगणकवाल्याचा फोन आला, चाळणी टाकायला कधी येऊ? म्हटलं, पुढच्या आठवड्यात, आत्ता कामाची घाई आहे. म्हणजे आता खोटंही बोलतो.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

मी मंगळवारची वाट बघायला लागलोय. ती चप्पल घालते आणि मला आत कुठेतरी हलकं वाटतं. लाज वाटते हे लिहिताना, पण वाटतं ते वाटतं.

आज ती परतून पलीकडे आडवी झाली तरी मालिका चालूच होती. त्या तलावावरच्या म्हाताऱ्या तिकीटवाल्याने थोरल्या बहिणीला असं काही ऐकवलं की मी मोठ्याने हसलो. आपलाच आवाज ऐकून दचकलो. या घरात शेवटचं कोण कधी हसलं होतं, आठवत नाही. आम्ही भांडत नाही हो. मीठ दे, दिवा लाव, पान झालं, बरं. तेहतीस वर्षांत बोलणं असं झिजत झिजत एवढंसं राहिलं. त्या बहिणी मात्र एकमेकींशी तासन्‌तास बोलतात. जेवताना, पाण्यात पाय सोडून, पायऱ्यांवर. मला वाटतं मी त्यांचे पाय बघायला बसतो. दुसरं काय असणार?

सोमवार, २८ नोव्हेंबर

दुपारच्या जेवणानंतर ती म्हणाली, "अहो, जरा बसता का माझ्याजवळ? एक सांगायचं होतं."

मालिकेचंच. कळलं असणार. आता मंगळवारवर भागत नाही. ती दुपारी पडून असते तेव्हाही मी आवाज बारीक करून बघतो, आणि मधली भिंत म्हणजे नुसती फळी. मी म्हटलं, "शाई वाळतेय, देवाच्या नावावर आलोय, नंतर बघू." ती म्हणाली, "राहू दे मग. नाव आधी." मी खोलीत जाऊन दार लावलं आणि अर्धा तास टाक हातात धरून नुसता बसलो. संध्याकाळच्या प्रार्थनेला एक तास आधीच पळालो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काही नाही.

सोमवार, ५ डिसेंबर

 नीट लिहितो.

देवाचं नाव लिहायचं आलं की आम्ही थांबतो. तोंडाने म्हणतो, "नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो," आणि मनात त्या क्षणी दुसरं काहीही नसावं लागतं. ते नाव एकदा लिहिलं की खोडता येत नाही. मन दुसरीकडे असताना लिहिलं असेल तर पान बाद. बाद पान जाळायचं नाही, फेकायचं नाही, माणसासारखं पुरायचं. आणि मन कुठे होतं हे तपासणारं यंत्र नाही. लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आज पन्नासावं पान पुरं करत होतो. नाव लिहून झालं, टाक उचलला आणि लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी म्हणत होतो ते त्या मालिकेच्या सुरुवातीचं गाणं होतं. मनात निळं पाणी आणि धाकटीची ओली वेणी. पावित्र्यासाठी लिहितो, हे मी म्हटलंच नव्हतं.

आज नाही म्हटलं. काल म्हटलं होतं का? परवा? त्या पंधरा तारखेपासून नऊ पानं झाली, हात नुसता पळत होता. पानं डोळ्यांसमोर धरली. अक्षरं अशी सुरेख की दृष्ट लागावी. आणि प्रत्येक नावाशी मी स्वतःला विचारतो, इथे कुठे होतास रे तू? मला आठवत नाही. एकाही नावाचं आठवत नाही.

देवा, मी काय करून बसलो?

गुरुवार, ८ डिसेंबर

आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेलो. ते ऐंशीच्या घरात, कानांनी पार गेलेले. मी हळूच म्हटलं, "मालिका बघितली." ते म्हणाले, "तारीख बघितली? कसली तारीख?"

"मालिका!" मी ओरडलो. "टीव्हीची! पोहणाऱ्या बायकांची!"

बाहेरच्या खोलीत पाठ करणारी पोरं एकदम गप्प झाली. इतकी शांतता मी त्या इमारतीत उपवासाच्या दिवशीही ऐकली नव्हती.

रब्बी मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "बघितलंस ते वाईट. पण ते तुझं आणि वरच्याचं. मला पानांचं सांग. नावाच्या वेळी मन तिथे होतं?" मी मान हलवली. नाही. "नक्की?" म्हटलं, होतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. त्यांनी डोळे मिटले. "मग तुझ्या शब्दावर जावं लागेल. दुसरा साक्षीदार नाही. पुरू या."

नऊ पानं. साडेचार आठवड्यांचं काम. मी रडलो, माझ्या वयाला शोभत नाही असा.

निघताना त्यांनी हात धरला. "एक ऐक. आता आपल्या मनाने व्रतंबितं घेऊ नकोस. असली माणसं पश्चात्तापातही हावरी असतात. घरी जा आणि बायकोला सांग. जेवढं मला ओरडून सांगितलंस तेवढं तिला हळू सांग."

शुक्रवार, ९ डिसेंबर

नाही सांगितलं. ती शब्बाथच्या, आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, दिव्यांची तयारी करत होती, पाठमोरी. तिच्याकडे बघायला तोंड नव्हतं मला.

व्रत घेतलं. रब्बींचं वय झालं, त्यांना मऊपणा परवडतो. ज्या डोळ्यांनी खाल्लं त्यांनाच उपाशी ठेवायला हवं. आजपासून चाळीस दिवस कुठल्याही बाईकडे मान वर करून बघणार नाही. रस्त्यात नाही, दुकानात नाही आणि घरातही नाही. स्वतःच्या बायकोकडे बघायला शास्त्राची ना नाही, पण हक्काचंही सोडलं तरच ती शिक्षा.

संगणक पोत्यात बांधून संगणकवाल्याला देऊन टाकला. "काका, चाळणी टाकली असती की," तो म्हणाला. मी म्हटलं, "चाळणीने माझं भागत नाही."

रविवार, ११ डिसेंबर

रब्बी, दफनभूमीचा राखणदार आणि मी. नऊ पानं मडक्यात घालून पुरली. राखणदार नवा होता, त्याने विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "माझं."

घरी आल्यावर तिने दारातच विचारलं, "किती झाली?"

जमिनीकडे बघत मी म्हटलं, "पन्नास."

मंगळवार, २० डिसेंबर

मान खाली घालून जगायला तसं काही लागत नाही. रस्त्यातले खड्डे पाठ झाले. भाजीवाली पैसे हातावर ठेवते, तिचे पाय मला ओळखू येतात. घरात बायको म्हणजे आता दोन पाय आणि एक आवाज. पायांत हल्ली जाड मोजे असतात, घरात शेगडी पेटलेली असतानाही. ताट डाव्या हाताने ठेवते. उजवा हात दिसत नाही. तिलाही राग आला असणार, त्या हाताने मला वाढायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. बरोबरच आहे तिचं.

आज ताट ठेवताना म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघत नाही हल्ली." तिच्या आवाजात नुसता प्रश्न होता. मी म्हटलं, "कामाचं दडपण आहे गं. गुंडाळी संपू दे." बराच वेळ पाय तिथेच उभे होते. मग म्हणाली, "हो. ती आधी संपू दे." आणि गेले.

लिहितो मात्र आता जिवाच्या आकांताने. प्रत्येक नावाआधी मोठ्याने म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. आठवड्याला जेमतेम दीड पान होतं. पण खरं होतं.

सोमवार, २ जानेवारी

न्हाणीघराच्या जाळीत केस अडकले होते. लांब, तिचे, मूठभर. मी खालीच बघतो म्हणून दिसले. आमच्यातल्या फार कडक बायका लग्नानंतर केस कापूनच टाकतात, डोक्याच्या फडक्याबाहेर एक बटसुद्धा नको म्हणून. ती कधी त्या वळणाची नव्हती. म्हणजे माझ्या पापासाठी ही आता स्वतःला शिक्षा करून घेतेय. मी गुन्हा करायचा आणि हिने केस द्यायचे! केस गोळा करून कचऱ्यात टाकले आणि त्या दिवसापुरता मीही उपवास धरला.

रात्रीच्या जेवणाला तीही जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, "तोंडाला चव नाही." मी समजलो. दोघं उपाशी बसलो समोरासमोर, मी टेबलाच्या लाकडाकडे बघत.

"किती झाली?" तिने विचारलं.

"छप्पन," मी म्हटलं. खरी पंचेचाळीस होती.

"म्हणजे सहाच राहिली!" इतकी हरखली ती. 

गुरुवार, १२ जानेवारी

सकाळी मेहुणी, बायकोची मोठी बहीण, आली. न विचारता लिहायच्या खोलीचं दार उघडलं. असं इथे कोणी करत नाही. मी मान खाली घातली.

"भावोजी, वर बघा."

मी बघितलं नाही.

"भावोजी, मी तुमच्याशी बोलतेय. तिने शपथ घातली होती म्हणून तीन महिने तोंड शिवून बसले. आता नाही बसत. तुम्ही तिचं डोकं बघितलंत? तिचा हात? तो उजवा हात सुजून भोपळा झालाय, तो कोणी बघायचा? दर मंगळवारी मी तिला इस्पितळात नेते, तिथल्या झाडूवालीने विचारलं, हिला नवरा नाही का हो?"

आता मी काय बोललो ते इथे लिहून ठेवतो. पुढे कधी मला वाटलं की मी त्यातल्या त्यात बरा माणूस आहे, तर वाचता यावं. मी म्हटलं, "माझं व्रत आहे. चाळीस व्हायला पाच दिवस राहिलेत."

ती नुसती बाजूला झाली, दार सोडून.

मी आतल्या खोलीत गेलो. ती पलंगावर होती, फडकं उशाशी, डोकं उघडं. मान वर केली. तिथे एक म्हातारी झोपली होती. पिवळी, गालफडं बसलेली, डोक्यावर केसाचं नावसुद्धा नाही. क्षणभर मला खरंच वाटलं की खोली चुकली. मग तिने डोळे उघडले, आणि डोळे तिचेच होते.

"बघितलंत एकदाचं," ती म्हणाली. "अहो, पण गुंडाळी राहिली ना अजून?"

मंगळवार, २४ जानेवारी

इस्पितळ. तिची खाट खिडकीपासून तिसरी. डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं: छातीत सुरुवात, आता यकृतात, दिवस म्हणा, आठवडे म्हणा, महिने म्हणू नका. मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकलं. कुठलं व्रत नि कुठलं काय!

आज तिला सगळं सांगितलं. हळू. मालिका, गाणं, नऊ पानं, मडकं, छप्पन हे खोटं आहे. खरी एकोणपन्नास.

ती छताकडे बघत होती. "मालिकेचं ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "भिंत आहे की पापड? पहिल्या दिवसापासून नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून मीही ऐकत होते पडल्या पडल्या. तो तिकीटवाला बोलला तेव्हा तुम्ही हसलात. मीही हसले, उशीत तोंड घालून. म्हटलं, असू दे. हसतोय ना माणूस."

"मग बोलली का नाहीस? आजाराचं तरी का नाही?"

"एकदा बोलायला आले होते. तुम्ही म्हणालात, नावावर आलोय. मग मीच ठरवलं. तुम्हाला कळलं असतं तर मन थाऱ्यावर राहिलं असतं का? साधा माझा ताप चढला तरी तुमची पानं चुकतात. नाव लिहिताना दुसरं काही मनात नको ना. म्हणून गप्प बसले. म्हटलं, डोळ्यांदेखत गुंडाळी होऊ दे, मग सांगू."

माझं मन स्वच्छ राहावं म्हणून ही बाई तीन महिने एकटी सुया टोचून घेत होती. आणि त्याच मंगळवारी, त्याच तासाला मी तलावाशी बसलो होतो. मी खाटेच्या लोखंडावर डोकं आपटलं. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली, परिचारिका धावत आली. बायको म्हणाली, "काही नाही हो, यांना जरा सवय आहे स्वतःला शिक्षा द्यायची."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ती धाकटी शिकली का हो पोहायला?"

म्हटलं, "माहीत नाही. मध्येच सोडली मी. दाखवू का? मेहुणीच्या फोनवर असेल."

"नको. तुम्हीच सांगा. जोडून सांगा काहीतरी."

एकतीस वर्षांत पदरचं एक अक्षर न घातलेला माणूस मी. सांगायला लागलो. धाकटी आधी गुडघाभर पाण्यात उतरते, मग कमरेपर्यंत, तिकीटवाला काठावरून शिव्या घालतो. ती ऐकत होती, मधूनच म्हणत होती, "छे, थोरली असं नाही बोलायची." मी बदलून सांगत होतो. तिच्याकडे बघत होतो. तेहतीस वर्षं आम्ही दिवा मालवूनच एकमेकांच्या जवळ आलो, ते आमचं वळण. तिच्या भुवईत एक बारीक तीळ आहे. तो मी आज पहिल्यांदा बघितला.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

तिला घरी आणलंय. इस्पितळाने नेऊ दिलं, कारण आता तिथे करण्यासारखं काही नाही.

तिचा हट्ट, पलंगाशेजारी बसून लिहा. शेवटचं पान आधी लिहा, पानं मागेपुढे लिहिलेली गुंडाळीला चालतात, तेवढं मला ठाऊक आहे, म्हणाली. "एवढं एक होताना बघते." मी फळी मांडली. स्नान करून आलो. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. नाव आलं.

"नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो," मी म्हटलं. टाक टेकवायच्या आत तिचा श्वास ऐकू आला. आत गेला, आणि बाहेर यायला फार वेळ लागला. मी थांबलो. पुन्हा म्हटलं. पुन्हा तो श्वास. तीनदा, चारदा, दहादा म्हटलं. शाई टाकावरच वाळली. मनात फक्त ती. शास्त्र म्हणतं, दुसरं काही नको. एक तलाव काढून टाकता येतो हो मनातून, ही कशी काढू?

"होत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग नका लिहू. ठेवा ते. इकडे बसा."

मी फळी बाजूला केली आणि तिचा सुजलेला हात मांडीवर घेऊन बसलो.

बुधवार, १५ फेब्रुवारी

सकाळी दहाच्या सुमारास. आम्ही तिघंच होतो, ती, मेहुणी आणि मी. मी बघत होतो.

गुरुवार, ३० मार्च

दुखवट्याचे सात दिवस जमिनीवर बसलो. तीस दिवस संपले. मेहुणीने मखमली आवरण आणून दिलं. तिने ते डिसेंबरातच पुरं केलं होतं, मला न सांगता, डाव्या हाताने. खालच्या कडेला टाके वाकडे आहेत. ते रिकामं आवरण कपाटात उभं राहत नाही, म्हणून आडवं ठेवलंय.

रब्बी काठी टेकत घरी आले. "गुंडाळी?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "नाव लिहिता येत नाही! तीच येते मनात!" त्यांनी माझ्या लिहायच्या फळीकडे बघितलं. मग म्हणाले, "बाकीची अक्षरं लिहिता येतात?" म्हटलं, येतात. "मग ती लिही. नावाची जागा मोकळी सोड, मोजून, नेमकी तेवढी. ज्या दिवशी मन रिकामं होईल त्या दिवशी भर. शास्त्रात बसतं." आणि दारातून वळून म्हणाले, "होईल हळूहळू."

त्यांचा तो सल्ला मानून बसलो. सकाळी सातला बसतो, दुपारी उठतो. हात पूर्वीसारखाच चालतो, उलट अक्षर अधिकच चांगलं येतं. नाव आलं की थांबतो, म्हणतो, वाट बघतो. मग नावाच्या चार अक्षरांची जागा टाकाच्या टोकाने मोजतो आणि पुढे जातो. मन रिकामं व्हावं अशी इच्छा धरली पाहिजे, ती मला धरवत नाही. ते रिकामं झालं तर तिला जागा कुठे राहील?

तेरा पानं राहिली होती, त्यांतली सहा झाली. आजच्या पानात एकोणचाळीस जागा मोकळ्या आहेत.